सरांचा पोट्टा काय करते?

"सर, तुमचा सोताचा पोट्टा काय करते?"

खापरखेड्याहून आलेल्या भैयाजी ठवकरांनी हे विचारलं आणि वनशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. रवींद्र लांजेवार यांच्या हातातला चहा निम्मा बशीत उतरला. तासभर ते या गृहस्थांना साग, बांबू आणि नोकरीची गॅरंटी समजावून सांगत होते. मुलगी रितिका तयारच होती; अडलं होतं ते बापापाशी. विभागाचंही अडलंच होतं. शुक्रवारपर्यंत दहा प्रवेश झाले नाहीत तर कुलूप, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. झाले होते चार, आणि त्यातला एक जण फॉर्म परत मागून गेला होता.

सरांच्या पियूषची पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट पक्की होती. हलवायाच्या घरी बाहेरची मिठाई यावी, तशी ही गोष्ट सरांनी झाकून ठेवली होती.

"आमच्याचकडे," सर म्हणाले. "वनशास्त्राले."

आपण हे काय बोललो, म्हणून सर स्वतःच हादरले. भैयाजी मात्र उठलेच. "मंग विषयच संपला! बाप काय लेकराले खड्ड्यात ढकलते?" त्यांनी तिथल्या तिथं फी भरली आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली.

दुसऱ्या दिवशी खापरखेड्याचे दोघं आणि जरीपटक्याचा एक व्यापारी हजर. प्राचार्यांनी तर आनंदाच्या भरात फाटकावर पियूषच्या फोटोचा फ्लेक्सच ठोकला : 'विभागप्रमुखांचा विश्वास! स्वतःच्या मुलाचा प्रवेश!' तो पाहून सर मटकन स्कूटरवरच बसले. मग सांत्वनाचे फोन सुरू झाले. धंतोलीत दवाखाना असलेले मेहुणे म्हणाले, "भाऊजी, अडचण होती तं सांगाचं ना! पोराच्या जिवावर काहून उठले?"

घरी देवकीबाईंनी वरण वाढताना एवढंच सांगितलं, "माहा पोरगा पुण्याले जाईन. त्या बोर्डावर तुम्ही तुमचाच फोटो चिकटवा."

पण पालकांना पोट्टा बघायचा होता. शेवटी सरांनी पियूषपुढे हात जोडले. "दोन दिवस बाजूले बस. बोलू नको. नुसता खुश दिस."

पियूष बसला. पालक त्याला नवरदेवासारखं न्याहाळत. एका मावशींनी तर दंड दाबून पाहिला. सर मात्र रंगात आले होते. वाघाचा ताजा ठसा दिसला की पाय कसे लटपटतात, उजाड टेकडीवर आपण लावलेल्या झाडाखाली पुढे आपणच कसा डबा खातो, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई. प्रवेश नऊ झाले. दहावा काही येईना.

शुक्रवारी दुपारी शिपाई नत्थूनं विचारलं, "सर, जुनं कुलूप चालते का नवं आणू?"

तेवढ्यात पियूष आत आला आणि त्यानं भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला. "बाबा, पुण्याची सीट कॅन्सल केली."

सरांच्या कानांत एकदम झाडं पडल्यासारखा आवाज झाला.

"येडा झाला का बे? काय स्कोप आहे याच्यात? जन्मभर झाडं मोजत फिरशीन! पोरगी कोण देईन तुले?"

"तुम्हीच तं सांगून राहिले दोन दिवसांपासून. लोकाईले सांगितलं ते मले कधी सांगितलं होतं का?"

सरांनी वर पाहिलं. दारात रितिकासोबत तिचं ओळखपत्र घ्यायला आलेले भैयाजी उभे होते.

"म्हणजे," भैयाजी सावकाश म्हणाले, "आतापर्यंत याची अ‍ॅडमिशन झालीच नव्हती?"

नत्थू कुलूप घेऊन जागीच थिजला. सर खुर्चीत इतके खाली घसरले, की टेबलाच्या वर चष्माच तेवढा दिसत राहिला. भैयाजींनी एकदा पियूषकडे पाहिलं, एकदा फॉर्मकडे. रितिकानं त्यांची बाही ओढली. मग त्यांनी खुर्ची सरकवली, सरांशेजारी बसले आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"घ्या. रितिकानं सांगितलं त्या दिवशी मलेही असंच झालं होतं. पोराईचं आयका लागते, सर."

सर घटाघटा पाणी प्यायले. नत्थूनं कुलूप कपाटात ठेवलं. विभाग वाचला होता. सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं,

"भैयाजी... पण नोकरी लागन ना हो?"

"लागन ना! गॅरंटी आहे म्हणते." भैयाजींनी माहितीपत्रक त्यांच्या हातात ठेवलं. "इथले सर बहुत भरोशाचे आहेत."