मामांचं नख

चष्मेवाल्याने श्वास रोखून ब्रशचा शेवटचा हात फिरवला आणि गळाला लावायचा तो वीतभर लाकडी मासा लखलखला. स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद, पंखा बंद, बायकोला शिंकायचीही बंदी. दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळी सातला मामा येणार, माशावरून नख फिरवणार, आणि नख कुठेही अडलं नाही तरच उद्या पहाटे त्यांच्या बोटीत या भाच्याला जागा मिळणार होती.

मामा निवृत्त वाहन-तपासनीस. उभं आयुष्य लोकांच्या गाड्या नापास करण्यात गेलं, आता हौस नातेवाइकांवर भागवत. "ज्याला आपला मासा नीट घडवता येत नाही, त्याने माझ्या बोटीला पाय लावायचा नाही," हा त्यांचा कायदा. भाच्याचे तीन मासे त्यांनी आजवर निकालात काढले होते. पहिल्यात बुडबुडे, दुसऱ्यावर ओघळ आणि तिसऱ्यात चक्क एक लांब केस. तो केस आपला नाहीच, असं बायको अजूनही ठणकावून सांगे.

या खेपेला त्याने कंबर कसली होती. वरच्या चकचकीत लेपाचे, म्हणजे इपॉक्सीचे, दोन्ही भाग, रेझिन आणि हार्डनर, औषधासारखे मोजून घेतले होते. बुडबुडे फुटावेत म्हणून नळीने हलकी, उबदार फुंकर मारली होती. ओघळ येऊ नयेत म्हणून लेप घट्ट होईपर्यंत मासा संथ फिरता ठेवावा लागतो. त्यासाठी आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेत चष्मे फिरवणारी मोटरच त्याने घरी आणली होती. तिने पंधरा मिनिटं इमानाने काम केलं आणि मान टाकली.

"आता हो?" बायको म्हणाली.

"आता काय! हाताने फिरवायचा." माशाच्या शेपटीत अडकवलेली काडी त्याने दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. "थांबलो की ओघळ. घड्याळ बघ आणि मला सांग, मिनिटाला दोन फेऱ्या."

तीन वाजेपर्यंत त्याच्या मनगटाला कळ लागली. साडेतीनला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. बायकोने तिथे चमच्याची दांडी घासून दिली. चारला कुठूनशी एक माशी आली. दोन घिरट्या घालून ती माशाच्या पाठीकडे वळली, तेव्हा चष्मेवाला किंचाळला.

"चिमटा! चिमटा दे! दातात! बसलीच तर उचलतो!"

बायकोने बारीक चिमटा त्याच्या दातांत दिला आणि स्वतः फडकं घेऊन माशीच्या मागे लागली. माशी बाहेर घालवायला तिने दार उघडलं, तर दारात मामा.

"पाणी उतरलंय, बोट काढता येईना, म्हणून लवकर आलो," म्हणत ते थेट आत शिरले. खुर्चीत घामाघूम भाचा, दातांत चिमटा, हातात सावकाश फिरणारा मासा.

"म्म्म! म्म्म!" भाचा डोळे वटारून मान हलवू लागला.

"कळलं रे, छान झालाय. पण असा फिरवून दाखवायला मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?" मामांनी अंगठा पुढे केला. माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत नख सर्रकन गेलं आणि मागे एक लांबलचक चर उमटला. नखाला लेपाची चिकट तार सुटली.

भाच्याच्या दातांतला चिमटा खाली पडला. तीन महिन्यांचं कोरणं, घासणं, रंगवणं त्या एका रेघेत गेलं. त्याला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. बायको फडकं हातात घेऊन जागीच उभी. त्या घरात मामांना कोणी कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते ओशाळलेत हे कळायलाही दोघांना जरा वेळ लागला.

"ओला होता?" मामांनी विचारलं.

"सात वाजता वाळणार होता."

मामा अंगठ्याकडे बघत राहिले. मग चष्मा कपाळावर चढवून मासा उजेडाकडे वळवून निरखू लागले. चर सोडला तर कुठे बुडबुडा नव्हता, कण नव्हता.

"चाळीस वर्षं मी तपासण्या केल्या," ते पुटपुटले. "ओला रंग मला लांबून कळतो. हा मला वाळलेला वाटला रे. इतका सपाट!"

मामांनी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या आणि काडी भाच्याच्या हातातून आपल्या हातात घेतली.

"नव्या हाताचा लेप कालव. तोवर मी फिरवतो."

"मामा, सावकाश. मिनिटाला दोनच फेऱ्या," भाचा म्हणाला, आणि आपण कोणाला दरडावतोय हे लक्षात येऊन जीभ चावली.

मामांनी निमूटपणे वेग कमी केला. "आणि पहाटे बोटीत पुढे बसणार की मागे?"