सुरमई डिकीत आहे

"आजपासून दाजीच्या गाडीला लाथ मारायची न्हाय! नुसतं बोट लावायचं, बोट!"

मिरकरवाड्याच्या जेटीवर, चहाच्या टपरीसमोर उभं राहून दाजीनं ही घोषणा केली आणि लिलावाचा गलबला घटकाभर थांबला. चहावाला गाळणं हातात धरून बाहेर आला. बांगड्याच्या पाठीसारखी चकचकीत निळी, विजेवर चालणारी नवी कोरी स्कूटर! तिच्यावर दाजी असा रेलून उभा होता, की जणू गाडी त्यानंच जाळं टाकून पकडली होती.

दाजी घरोघर मासे विकणारा माणूस. सकाळी जेटीवर मासा घ्यायचा आणि भाट्ये पूल ओलांडून फणसोप, गोळपच्या वाड्यांतून फिरायचं. त्याची जुनी फटफटी साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. सायलेन्सर तारेनं बांधलेला, आरसा नावाला नाही. चालू होत नसेल तर तिला डावीकडे कलती करायची, एक सणसणीत शिवी हासडायची आणि किक मारायची. शिवीशिवाय ती कधी चालू झालेली गोदाला, म्हणजे दाजीच्या बायकोला, आठवत नव्हतं. पण घाटी चढताना ती असा काही आवाज करायची, की गोळपातल्या बायका तो ऐकून तवा तापत ठेवायच्या!

तीच फटफटी दाजीनं शोरूमवाल्याला बदल्यात देऊन टाकली होती. कारण त्याची लेक सलोनी महिनाभर पाठीस लागली होती. "बाबा, पेट्रोल नको, ऑइल नको, धूर न्हाय, आवाज न्हाय! आणि चोरीला गेलीच तर माझ्या मोबाईलवर कळतं. मी घरबसल्या बंद करू शकते!"

"आवाज न्हाय?" गोदानं तेव्हाच विचारलं होतं. "मग बायांना कळणार कसं, तुम्ही आलात ते?"

"अगो, गाडी बघून कळेल! अशी गाडी आख्ख्या गोळपात न्हाय!" दाजीनं तिला उडवून लावलं होतं.

त्या दिवशी दाजीला एक खास कामगिरी होती. गोळपच्या तुळसावयनींकडे मुंबईचा जावई आला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. वयनींनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "दाजी, सुरमई पायजे. ताजी. जावयाच्या पानात सुरमई पडली न्हाय तर माझी मान खाली जाईल, आणि माझी मान खाली गेली तर तुमचा मासा या वाडीत कोण घेतो ते मी बघते!"

दाजीनं लिलावात भांडून सुरमई मिळवली. अशी देखणी, की तिचीच दृष्ट काढावी. बांगड्यांचा क्रेट त्यानं पायाजवळच्या सपाट जागेत बर्फ घालून बसवला. सुरमई मात्र पिशवीत गुंडाळून सीटखालच्या डिकीत ठेवली. शेजारीच मोबाईल चार्जिंगला लावला, कारण शोरूममधल्या पोरानं सांगितलं होतं, "काका, डिकीत चार्जिंगचीसुद्धा सोय आहे!" सोय आहे म्हटल्यावर ती वापरायला नको? सीट खाली दाबली. टक्! बंद झाली. पडद्यावर बोट लावलं. गाडीतून एक बाई बोलली, "नमस्कार. आपला प्रवास सुखाचा होवो."

मराठी बोलत होती, पण कशी? बँकेच्या खिडकीत बसलेल्या बाईसारखी! दाजीनं नकळत "नमस्कार" म्हटलं आणि टपरीवरची मंडळी खो खो हसली.

भाट्ये पुलावरून गाडी निघाली ती पाण्यावरून होडी घसरावी तशी. समुद्राचा वारा, गाडीला ना खडखड ना धडधड. दाजी मनात म्हणाला, हेच ते सुख! हे सुख फणसोपपर्यंत टिकलं.

फणसोपच्या पहिल्या वाडीत तो नेहमीप्रमाणे वडाखाली थांबला. कोणी आलं नाही. हॉर्न वाजवला. 'पीं'! बकरीचं करडू शिंकावं तसा आवाज. एक कुत्रा तेवढा मान वर करून बघून गेला. दाजीनं हाळी द्यायचं ठरवलं, पण इतकी वर्षं हाळी फटफटीच देत होती! त्यानं "मासेऽऽय!" म्हणून गळा ताणला, तर मध्येच आवाज फाटला. पलीकडच्या घरातून एक म्हातारा ओरडला, "कोण कोकलतोय रे? मयत झालंय काय?"

दाजी सगळी वाडी फिरला. एक बांगडा खपला नाही! परत मुख्य रस्त्याला लागतो, तर मागून बाई धावत आली. "दाजी, तुम्ही येऊन गेलात? आम्ही कान लावून बसलेलो!"

गोळपच्या चढाला तर कहरच झाला. क्रेटमधला बर्फ वितळून खारं पाणी टपटपत खाली स्टँडवर गेलं आणि गाडी मधोमध थांबली.

"कृपया साइड स्टँड वर करा," बाई म्हणाली.

दाजीनं वाकून बघितलं. "वरच आहे, बाय."

"कृपया साइड स्टँड वर करा."

दाजीनं स्टँड खाली केला, वर केला. पुसला. फुंकर मारली. "आता बघ."

"कृपया साइड स्टँड वर करा."

"अगो वर म्हणजे किती वर करू? डोक्यावर घेऊ?" दाजी किंचाळला. त्यानं गाडी डावीकडे कलती केली. जुनी, खास ठेवणीतली शिवी दिली. किक मारायला पाय उचलला, तर पाय हवेतच फिरला! किक नव्हतीच.

शेवटी त्यानं पडदा बंद केला आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. तुळसावयनींचं घर समोर दिसत होतं. पण बंद गाडी हलतेय म्हणजे ती चोर ढकलतोय, असं गाडीच्या डोक्यात पक्कं बसवलेलं! वयनींच्या बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकापाशी, पोचतो न पोचतो तोच पुढचा दिवा लकलकू लागला आणि गाडी बोंब मारू लागली, "कुंई कुंई कुंई!"

जी वाडी हाळीला बाहेर येत नव्हती, ती आता लोटली. पोरंटोरं, म्हातारे, दारातली कोंबडीसुद्धा! पाठोपाठ खट् करून चाक अडलं. गाडी आता पुढेही जाईना, मागेही जाईना. आणि सीटखालून मोबाईल वाजू लागला. वाजला, थांबला. परत वाजला.

तुळसावयनी पदर खोचून बाहेर आल्या. "दाजी, हे काय आणलंत? आणि माझी सुरमई कुठं?"

"सुरमई डिकीत आहे."

"मग काढा!"

दाजीनं पडद्यावर बोट लावलं. पडदा काळा. चारी बोटं लावली. अंगठा लावला. शेवटी तळहात थापटला. "उघडत न्हाय, वयनी."

जावईबापू कोऱ्या सदऱ्यात पायरीवर उभे होते. त्यांनी आपला मोबाईल पुढे केला. "घरी फोन करा ना. पण माझ्या फोनला इथं रेंज नाही, विहिरीच्या कट्ट्यावर चढावं लागेल."

दाजी कट्ट्यावर चढला आणि तिथं त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला सलोनीचा नंबर पाठ नाही! गोदाचाही नाही. सगळे नंबर मोबाईलमध्ये, आणि मोबाईल सुरमईच्या शेजारी. पाठ होता तो एकच, जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्याचा, काळ्या डब्बा फोनच्या काळातला. त्यानं तोच लावला. फोन शिवानं उचलला. शिवा म्हणजे बर्फ फोडणारा, दाजीचा जुना दोस्त.

"शिवा, मी दाजी..."

"दाजी? जिवंत आहेस? सोडलान तुला चोरांनी?"

"कुठल्या चोरांनी?"

झालं होतं असं, की 'गाडी चोरीला जात आहे' अशी सूचना सलोनीच्या मोबाईलवर गेली. तिनं गाडी घरबसल्या बंद केली आणि बापाला फोन लावला. बाप उचलेना. मग तिनं मिरकरवाड्याच्या ग्रुपवर लिहिलं, "बाबांची गाडी कोणीतरी ढकलत नेतंय, बाबा फोन उचलत नाहीत." हा निरोप टपरीपर्यंत येईतो दाजीला मारहाण झाली होती, आणि बर्फाच्या कारखान्यात पोचेतो त्याला गाडीसकट पळवून नेलं होतं!

"गोदावयनी रडत निघाली आहे विनोदच्या टेंपोतून! चार माणसं वल्ही घेऊन बसली आहेत!" शिवा ओरडत होता. "काय मागतायत ते, सांग!"

"सुरमई मागतायत!" दाजीनं कपाळावर हात मारला. "चोर न्हाय रे, गिऱ्हाईक! सलोनीला बोलाव!"

सलोनी तिथंच डोळे पुसत उभी होती. "बाबा! बरे आहात ना? आत्ता उघडते गाडी, एक मिनिट. तुमच्या फोनवर नंबर येईल, तो मला सांगा."

सीटखालून आवाज आला, टिंग!

"फोन डिकीत आहे," दाजी म्हणाला.

"मग काढा ना."

"डिकी उघडत न्हाय."

"का?"

"तू बंद केलीस म्हणून!"

"मग मी उघडते ना! तुमच्या फोनवर नंबर येईल, तो फक्त सांगा."

टिंग!

सगळी वाडी डिकीकडे बघत राहिली. उन्हं चढली होती. पहिलं मांजर पडवीतून उतरून गाडीखाली येऊन बसलं. दुसरं गडग्याच्या दगडी भिंतीवरून आलं. तिसरं कोणाचं होतं ते कोणालाच सांगता येईना.

जावईबापूंनी कंपनीला फोन लावला. पंधरा प्रकारची गाणी ऐकवल्यावर तिकडून एक मुलगी बोलली. "सर, आपली तक्रार काय आहे?"

"डिकी उघडत न्हाय," दाजीनं फोन घेतला. "आत सुरमई आहे."

"सर, सुरमई हे कुठलं मॉडेल आहे?"

"मॉडेल न्हाय बाय, मासा! सुरमई!"

मग ती मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, सुरमई कंपनीची अ‍ॅक्सेसरी नाही. तिला वॉरंटी लागू होणार नाही. आपण गाडी चालवत जवळच्या सर्व्हिस सेंटरला, म्हणजे कोल्हापूरला, आणू शकता का?"

दाजीनं फोन विहिरीत टाकला नाही याचं एकमेव कारण म्हणजे तो फोन जावयाचा होता.

तेवढ्यात धूळ उडवत विनोदचा टेंपो आला. हा विनोद म्हणजे दाजीचा धंद्यातला वैरी, टेंपोला कर्णा लावून मासे विकणारा. त्यातून वल्ही उगारत माणसं उतरली. "कुठं आहे चोर?" त्यांच्या मागून गोदा उतरली. नवरा धडधाकट दिसताच तिनं त्याच्या दंडाला हात लावून बघितला, डोळ्याला पदर लावला आणि मग तोंड सोडलं.

"जिवंत आहात तर सांगायला काय झालं? देवाला नारळ बोलून आले मी! गाडी बघून कळेल म्हणत होतात ना? कळलं, आख्ख्या गोळपाला कळलं!"

"अगो, सुरमई..."

गोदानं परिस्थिती एका नजरेत बघितली. वयनींचा चढलेला पारा, काळा पडदा, मांजरांची पंगत. पडवीच्या कोपऱ्यात नारळ सोलायची पहार रोवलेली होती. ती तिनं उपटली.

"गोदा, नको! वॉरंटी जाईल!"

"वॉरंटी काय पानात वाढायची?"

दाजी मध्ये आला. मग त्यानं गाडीकडे बघितलं, मग वयनींकडे. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक! त्यानं डोळे घट्ट मिटले आणि बाजूला झाला. गोदानं पहार सीटच्या फटीत घातली आणि नारळ सोलल्यासारखा एकच हिसका दिला. काडकन्!

सीट उघडली, नव्हे, लोंबकळली. आणि जो वास आला, त्यानं पुढची रांग मागे सरली. चार्जिंगची ऊब, वरून ऊन. वयनींनी पिशवी उकलून दोन बोटांनी सुरमई चाचपली. "दाजी, ही तर तुम्ही वाफवून आणलीत!"

सुरमई गडग्यापलीकडे गेली आणि तिच्यामागून सगळी पंगत.

पण गोदा ती गोदा! एवढी माणसं आयती जमली आहेत हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिनं बांगड्यांच्या क्रेटवरची फळी काढली. खाली अजून बर्फ होता, बांगडे डोळे चमकवत पडले होते. "या गो बायांनो! चोर न्हाय तर न्हाय, बांगडे तरी न्या!" वल्हीवाल्यांनीसुद्धा घेतले. बघता बघता क्रेट रिकामा! पहिला वाटा अर्थात वयनींच्या टोपलीत. वयनी तोंड फुगवून आत गेल्या. पण घटकाभरानं जावईबापू बोटं चाटत पायरीवर आले आणि गोदाला म्हणाले, "काकी, हे बांगड्याचं तिखलं... सुरमई आली असती तर मला हे मिळालंच नसतं!" तेव्हा आतून भांड्यांची आपटाआपटी जराशी कमी झाली.

सलोनीनं पुन्हा नंबर पाठवला. या वेळी फोन दाजीच्या हातात होता, माशाच्या वासासकट. त्यानं नंबर वाचून सांगितला. गाडी जागी झाली आणि लोंबकळणाऱ्या सीटकडे न बघता शांतपणे म्हणाली, "आपली सीट उघडली आहे." आणि लगेच, "कृपया साइड स्टँड वर करा."

गाडी विनोदच्या टेंपोत चढवली. वैऱ्याच्या टेंपोत! दाजी मागे स्कूटर धरून बसला, शेजारी गोदा. वल्हीवाले पुढे दाटीवाटीनं. विनोद शहाणा, त्यानं कर्णासुद्धा बंद ठेवला.

भाट्ये पुलावर टेंपो आला आणि गाडीतली बाई अचानक बोलली.

"नमस्कार. आपला आजचा प्रवास अत्यंत उत्तम झाला. परतीच्या वाटेवर आपण एकदाही ब्रेक वापरला नाहीत आणि अजिबात वीज खर्च केली नाहीत. आपण आदर्श चालक आहात. असेच चालवत राहा!"

पुढून विनोदनं मान वळवली. "दाजी, कोण बोललं?"

"कोण न्हाय! तू पुढं बघून हाक!"

गोदानं नवऱ्याकडे बघितलं. दाजीनं टॉवेल तोंडावर ओढून घेतला. खरं सांगायचं तर सबंध दिवसात त्याच्याशी दोन गोड शब्द बोललेलं ते एकच माणूस होतं, आणि त्याला ते बरं वाटलं होतं. पण हे गोदाला सांगायचं कोणत्या तोंडानं?