किसन भावजींना चालू करताना

शेजारचे किसन भावजी रोज दुपारी जेवणाआधी स्वतःला बंद करायचे आणि जेवण झालं की कुडाच्या कुंपणावरून मला हाक मारायचे, "वहिनी, मला चालू करा!"

म्हातारा खुळा नव्हता. डोंगरपट्ट्यात मेंढ्या कातरायला त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मग कंपवात झाला. त्यांच्या हातातली कातर बघून मेंढरं पळायला लागली. पोरगा फौजेत, त्याच्या नोकरीमुळं मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. मेंदूत तारा, छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढी डबी. हात थांबले. डबी कधी बंद पडली तर लावायला एक लोहचुंबक दिलं होतं. छातीवर क्षणभर धरलं की चालू, पुन्हा धरलं की बंद. बंद करायला त्यांचा हात स्थिर असायचा, चालू करायला नसायचा. म्हणून मी.

भावजींना त्याचा भारी डौल. लाऊडस्पीकरजवळ बसत नसत. "त्यात चुंबक असतंय, फुकट बंद पडीन!" कुणी भांडायला आलं तर म्हणत, "थांब, मी चालू हाय का बघू दे."

मला मात्र चुंबक धरताना अंगावर काटा यायचा. थडथडणारा माणूस, डोळे तेवढे माझ्यावर. मग पंखा बंद केल्यावर पाती थांबतात तसा तो हळूहळू थांबायचा.

घरात त्यांची बायको सरजा. काचबिंदूनं तिची नजर कधीच गेलेली. भावजी दवाखान्यातून आल्यापासून ती एकच बोलायची, "ह्यो माझा माणूस न्हाई. दुसराच कुणी घरात फिरतोय." त्यांचा आवाजही घोगरा झाला होता. त्यांच्या हातचं ती पाणीसुद्धा घेत नव्हती. वाळून वाळून काडी झाली. जगते का मरते, असं झालं होतं. मग एकाएकी जेवायला लागली. कशी, ते कुणाला कळलं नाही.

एकदा मी भावजींवर चिडले. "डॉक्टरनं बंद करू नका सांगितलं ना? पडाल एखाद्या दिवशी. कशाला करता?"

ते उठून घरात गेले. दुसऱ्या दिवशी मी हाकेआधीच आत गेले.

ताट खडखड वाजत चुलीकडून येत होतं. अर्धी भाजी भुईवर. भावजींनी घास सरजाच्या तोंडाशी नेला, तो नाकाला लागला.

"आलात व्हय?" सरजा बोळक्या तोंडानं हसली. "दिवसभर कुठं असता? तो मेला घरातच असतो. मला भ्या वाटतं."

मी पाऊल न वाजवता दाराबाहेर आले.

नंतर भावजी अंगणात म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, पुढं अशी डबी येईल, कंप वाढला की आपणहून जोर लावून थांबवील. मला नको तसली. मंग हिला कोण जेवू घालील?"

तेव्हापासून जेवण आटोपलं की मीच जायचे. सरजाच्या मुठीत त्यांचा हात असायचा. मी चुंबक लावायचे. तो हात थरथरत थरथरत थांबला की सरजा दचकून मूठ सोडायची.

"गेले का गं?"

"गेले," मी म्हणायचे. "उद्या येतील जेवायला."

भावजी तिच्या शेजारीच बसलेले असायचे. तोंडावर हात धरून, श्वासाचाही आवाज न करता.