मधली कळी

एक कळी कापायची, एवढाच सरांचा निर्णय होता. तोही उठले आणि कापली, असा नव्हे. चाळीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. दोन पुस्तकं वाचल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. (ठोकल्यावर तिसरं वाचतो, आणि जागा चुकली असं त्याला वाटू लागतं.)

गुलाबाचं ते कलम मेहुण्यांनी, म्हणजे सरांच्या बायकोच्या थोरल्या भावानं, दिलं होतं. देताना म्हणाले, "भावोजी, हे नीट वाढवून दाखवा. मग माझ्या बागेतल्या काळपट लाल गुलाबाचं कलम देईन. ते मी अजून कुणालाही दिलेलं नाही."

त्या काळपट लाल गुलाबासाठी सरांनी जिवाचं रान केलं. अंगणाच्या कोपऱ्यातली माती चिकट, म्हणून खड्डा खणून तीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. ढेकळं राहू नयेत म्हणून सगळी माती पिठाच्या चाळणीतून चाळली. (चाळणीवरून घरात जे झालं ते झालं.) कलम लावलं, आणि मुळांनी माती धरली की नाही या काळजीनं झोप येईना, म्हणून आठवड्यानं उपटून पाहिलं. धरली होती. सरांनी ती सोडवली.

त्या दिवशी बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, हुकूम काढला. "या झाडाला आता कुणी हात लावायचा नाही. तुम्ही नाही आणि मी नाही. पाणी तेवढं मी घालीन."

झाडानं हे ऐकलं असावं. ते तरारलं, आणि एका फांदीच्या टोकाला चक्क तीन कळ्या आल्या. एक मधोमध, दोन बाजूंना. आणि रविवारी मेहुणे पाहायला येणार होते.

सरांनी पुस्तक उघडलं. एकेकटं मोठं फूल येणाऱ्या जातीत बाजूच्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे मधली पोसते. घोसानं फुलणाऱ्या जातीत मधली खुडावी, म्हणजे बाजूच्या एकदम फुलतात. आता आपली जात कोणती? मेहुण्यांना विचारावं तर अब्रू जाते. सरांनी तर्क चालवला. एक म्हणजे एकटी, दोन म्हणजे जोडी. तीन म्हणजे घोसच! दुपारी बाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी मधली कळी कापली, मातीत पुरली आणि हात धुतले. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो फांदीवर एकही कळी नाही.

सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुंपणापलीकडे दातांचे डॉक्टर चहाचा कप घेऊन उभे होते. चेहरा अगदी शांत. चोर असेच शांत असतात!

"डॉक्टर, दवाखान्यात उपटून हौस भागत नाही का तुमची?"

"काय झालं, सर?"

"वर विचारता काय झालं! माझ्या कळ्या! अहो, कळी खुडणाऱ्याला काळीज असतं का? त्यापेक्षा खुनी परवडला!"

आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. फांदी पाहिली आणि सरांच्याही वर आवाज चढवून म्हणाल्या, "न्यायची तर एखादी न्यायची! मधली तरी ठेवायची होती हो डॉक्टर!"

"मधलीचं राहू दे," सर घाईघाईनं म्हणाले. "बाजूच्या दोन तरी ठेवायच्या!"

"बाजूच्यांचं काय एवढं? मधली!"

"बाजूच्या!"

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी नेमकं काय चोरलं ते आधी घरात बसून ठरवा," ते म्हणाले, "आणि मग मला कळवा."

म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर! सरांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं. दुखणारी दाढसुद्धा दुखत ठेवली.

रविवारी मेहुणे आले. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं कलम होतं. काळपट लाल! मेहुणे वाकले आणि बोडकी फांदी निरखून म्हणाले, "वा!"

"वा?" सर म्हणाले.

"पहिल्या वर्षी फूल येऊच द्यायचं नसतं. सगळा जोर मुळांत जायला हवा. पण लोकांना कापवत नाही हो. ही हिंमत कुणाची?"

"दोन मी काढल्या, दादा," बाई पुढे सरसावल्या. "तू तुझ्या झाडांच्या बाजूच्या कळ्या काढतोस ना, ते बघितलं होतं. तिन्हीसांजेला चष्मा सापडेना, म्हणून चाचपूनच काढल्या."

"आणि मध्ये कळी आहे की नाही, ते बघितलं नाहीस?" सर ओरडले.

"बघायचं कशाला? मध्ये काही असल्याशिवाय बाजू असते का?"

(यात तर्काची चूक सापडेना, म्हणून सर आणखीच भडकले.)

"आणि तिसरी?" मेहुण्यांनी विचारलं.

"ती डॉक्टरांनी चोरली," बाई म्हणाल्या.

"मग डॉक्टर जाणकार आहेत. तू काम अर्धवट सोडलंस, त्यांनी पुरं केलं. अशा माणसाच्या हातात माझं कलम पडलं पाहिजे!"

डॉक्टर कुंपणाशी आलेच होते. मेहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "शाबास!"

आता मात्र सरांना राहवेना. कापायचं एकानं आणि शाबासकी दुसऱ्याला? "त्यांचा काय संबंध? मी कापली! भर दुपारी, या माझ्या हातानं कापली!"



"खुनी परवडला," डॉक्टर हळूच म्हणाले.

"तुम्ही?" मेहुण्यांचे डोळे चमकले. "मुळांना जोर यावा म्हणून?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण संतापलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं.

"नाही! बाजूच्या दोन फुलाव्यात म्हणून!"

मेहुण्यांनी गोणपाटाची गुंडाळी उचलली आणि कुंपणावरून डॉक्टरांच्या हातात दिली.

"अहो, पण मी काहीच केलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच तुम्हाला देतोय."

डॉक्टर तसे दिलदार. "सर, कुंपणाला लागूनच लावतो. तुम्हालाही रोज बघता येईल."

"लावा की," बाई म्हणाल्या. "फक्त कुंपण तेवढं उंच करून घ्या."