बासष्ट आभारपत्रं

ब्रिजेटने पिकनिकला यायला साफ नकार दिला, तेव्हा नोलन हॅल्व्हर्सनला पहिल्यांदा घाम फुटला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी सगळे हॅल्व्हर्सन तळ्याकाठी जमतात, आणि यंदा त्याच दिवशी या दोघांच्या लग्नाला वर्ष होत होतं.

"तुझ्या लॉरेन आत्याला मी आवडत नाही," भांडी पुसत ब्रिजेट म्हणाली. "वर्षभर प्रयत्न केले. आता दमले मी."

लॉरेन आत्या म्हणजे नोलनची आईच म्हणायची. तो सात वर्षांचा असताना आई गेली आणि आत्यानेच त्याला वाढवलं. म्हणून तर ब्रिजेटने तिचं मन जिंकायचा चंग बांधला होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती सफरचंदाचा केक घेऊन गेली. चर्चमध्ये कुणाच्या अंत्यविधीनंतरचं जेवण असलं की वाढायला उभी राहिली. त्या घरात पत्ते खेळतात म्हणून पत्ते शिकली, आणि शिकून मुद्दाम हरली. आत्या आपली "छान, छान" म्हणायची आणि दुसऱ्या खोलीत निघून जायची. परतताना गाडीत ब्रिजेट विचारायची, माझं काय चुकतंय? नोलन म्हणायचा, काही नाही गं, तिचा स्वभावच तसा.

स्वभाव तसा नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत्याच्या रागाचं कारणही ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती.

आमच्याकडे विस्कॉन्सिनात, लग्नात भेट देणाऱ्या प्रत्येकाला हाताने लिहिलेलं आभारपत्र जातं. वर्षाची सवलत असते, पण पत्र आलं नाही तर नाव नवरीचंच खराब होतं. नवऱ्याला लिहिता येतं असं कुणी धरूनच चालत नाही. ब्रिजेटने माहेरची पत्रं पंधरा दिवसांत हातावेगळी केली. सासरची बासष्ट नोलनने आपणहून अंगावर घेतली. फेब्रुवारीत तिने विचारलं, तेव्हा "टाकली की" असं सांगून तो मोकळा झाला. येत्या शनिवारी बसून लिहून काढू, असा त्याचा खरोखरच विचार होता. मे उजाडला तरी तो शनिवार आला नव्हता.

नकार ऐकल्यावर मात्र तो दुसऱ्याच दिवशी कामावर, ट्रॅक्टरच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसला. मग आठवलं, की कुणी काय दिलं याची यादी जुन्या पिकअपच्या कप्प्यात होती, आणि पिकअप मार्चमध्येच विकून टाकली होती. ब्रिजेटला विचारायची सोय नव्हती. त्याने सरसकट "तुमची सुंदर भेट" असं लिहायला घेतलं. पण आत्याला असं कसं लिहिणार? लग्नात मंद आचेवर शिजवायची विजेची चार भांडी आली होती. त्यातलं एक आत्याचं असणारच, असं धरून त्याने लिहिलं, की तू दिलेल्या भांड्यात दर रविवारी जेवण शिजतं आणि दर रविवारी तुझी आठवण निघते. खाली दोघांची नावं घातली आणि बासष्ट पाकिटं पेटीत टाकली. त्या दिवशी त्याला भूकही चांगली लागली.

गुरुवारी संध्याकाळी आत्याची गाडी दारात उभी राहिली. दार ब्रिजेटने उघडलं. आत्याच्या एका हातात ते पत्र होतं आणि दुसऱ्या हातात भलीमोठी पिशवी.

"टोमणा बरोबर लागला गं," आत्या उंबऱ्यातच म्हणाली. "पण मी त्याच लायकीची आहे."

ब्रिजेटने पत्र वाचलं. वरची तारीख पाहिली, अक्षर पाहिलं.

"मी भांडंबिंडं काही दिलेलं नाही. मी काहीच दिलं नाही," आत्या म्हणाली आणि तिने पिशवीतून एक गोधडी काढली. नोलनच्या आईच्या कपड्यांचे तुकडे लावून ती लग्नाआधीच शिवायला घेतली होती. मग बोटं आखडायला लागली, लग्न होऊन गेलं. भेट द्यायलाही वर्षाची सवलत असते, होईल, असं म्हणता म्हणता वर्ष सरत आलं, आणि एक कोपरा अजून राहिलाच होता. "तू केक आणायचीस, पत्ते हरायचीस. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं."

"मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही."

"आवडतेस म्हणून तर लाज वाटायची. आमचं घराणंच तसलं बाई. चूक झाली की तोंडाला कुलूप. समोरच्याला वाटतं, यांना राग आलाय."

दाराआड उभ्या नोलनचा जीव भांड्यात पडला. म्हणजे पत्रांचा यात काही संबंधच नव्हता. वर्षही अजून उलटलं नव्हतं. आता गप्प राहिलं की सुटलो, असं त्याने ठरवलं.

"नोलन," ब्रिजेट मान न वळवता म्हणाली, "तू मघापासून गप्प का आहेस?"

आत्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने सगळं सांगितलं, फेब्रुवारी, पिकअप, बासष्टच्या बासष्ट, आणि आत्या त्यावरूनच रागावलीय ही समजूतही. ब्रिजेट ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वर्षभर मी माझ्यात खोट शोधत होते," ती म्हणाली. "आणि तुला वाटत होतं की कारण तुला माहितीये."

मग ब्रिजेटने त्याला खुर्चीवर बसवलं, गोधडीचा राहिलेला कोपरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि तिथेच खोचलेली सुई काढून त्याच्यापुढे धरली.

"आत्यांची बोटं दुखतात. तू शिव."

नोलनने मुकाट्याने सुई घेतली.

"मुकाट्याने नको," ब्रिजेट म्हणाली. "बोलत बोलत शिव."