मुरानची बरणी

धोंडूदादा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सुभद्रेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना कोकमाचं सरबत दिलं. घरात काचेचा एकच ग्लास होता, पाहुण्यांसाठी राखलेला. तो तिनं मुद्दाम काढला. धोंडूदादांनी ग्लास घेतला, डोक्याच्या वर धरला आणि मान वाकडी करून त्याच्या बुडाकडे टक लावून बघितलं. सरबताचा एक ओघळ त्यांच्या कोपरावरून धोतरावर उतरला. त्याचं त्यांना काही नव्हतं.

"बेंबी न्हाय," असं म्हणून त्यांनी ग्लास खाली ठेवला.

सुभद्रा आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. परक्या पुरुषानं घरात येऊन पहिल्याच वाक्यात बेंबी काढावी, असं तिच्या माहेरी राजापुरात कधी घडलं नव्हतं.

बेंबीचं शास्त्र मला मागाहून कळलं. तोंडानं फुंकून पेला करतात तेव्हा त्याच्या बुडाशी एक लोखंडी सळई चिकटवतात. पेला झाला की सळई टचकन तोडायची. तिथं खरखरीत वण राहतो, तीच बेंबी. कारखान्यातल्या साच्यातून निघालेल्या ग्लासाला ती नसते. "पोटातनं जल्माला आलेल्यालाच बेंबी असतेय, मास्तर. साच्यातल्याला कुठली?" असं ते मला समजावत. तेव्हापासून कुणाकडे काचेचा ग्लास पुढे आला की माझंही बोट गुपचूप बुडाखाली जातं.

नाव धोंडू आणि सगळा जन्म गेला काच सांभाळण्यात, ही थट्टा आमच्या आळीत इतकी शिळी झाली होती की तिला कुणी हसतही नसे. ते आगबोटीवर बटलर होते. बोट मुंबईहून सुटून इटलीच्या बंदरांना लागायची. बाकीचे खलाशी बंदरात उतरून खलाशांनी जे करायचं ते करत. हे गृहस्थ जुन्या सामानाच्या दुकानांत जाऊन पेले उलटे करून बघत बसत. नोकरी संपवून ते रत्नागिरीला, मांडवीच्या बंदरावर उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर सात लाकडी पेट्या होत्या. पेट्या इतक्या हळू उतरवून घेतल्या की बोटीवरून माणसं-सामान किनाऱ्याला आणणाऱ्या पडाववाल्यांनी आळीभर बातमी केली, बटलरानं घबाड आणलंय. पुढं पेट्या उघडल्या आणि भुशातून रिकामे पेले निघाले, तेव्हा आळीला आपलीच फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

पेले मात्र बघण्यासारखे होते, हे मला कबूल केलं पाहिजे. एकाच्या काचेत आतल्या आत पांढरे धागे पिळून बसवले होते. त्याला ते शेवयांचा पेला म्हणत. एकाच्या दांड्याला निळ्या काचेच्या, फणा काढलेल्या नागाचं वेटोळं होतं. आमच्या शेजारच्या भागीरथीकाकूंनी नागपंचमीच्या दिवशी खिडकीतून तो बघितला आणि हळदकुंकू घेऊन तडक आत शिरल्या. धोंडूदादा "पियानो, पियानो!" म्हणून ओरडेपर्यंत नागावर दोन लाह्याही पडल्या होत्या.

हे पियानो म्हणजे त्यांचं पालुपद. इटलीत हळू, सांभाळून म्हणायचं असेल तर पियानो पियानो म्हणतात म्हणे. पेल्याजवळ माणूस आला, मांजर आलं, वारा आला, की ह्यांचं पियानो सुरू. परिणाम असा झाला की बटलराकडे विलायती वाद्य आहे अशी हवा पसरली, आणि आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या संमेलनासाठी ते दोन दिवस मागायला मलाच पाठवलं. सोबत हमालही दिले होते.

त्यांच्या ओटीवर आळीतलं एकुलतं एक जेवणाचं टेबल होतं. दर रविवारी सकाळी ते त्यावर पांढरी चादर घालत, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं एकेक पेला पुसत, उजेडात धरून त्यावर "हाः" करत, पुन्हा पुसत. मग चार जणांचं टेबल मांडलं जाई. ताटली, काटा, दोन दोन पेले, सगळं वीतभर अंतर मोजून. आणि ते स्वतः शेजारी उभं राहून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पोचे पडलेल्या मगातून चहा पीत. चुकून कुणी विचारलंच, की इटलीचं एवढं असताना जर्मन कशाला, तर म्हणत, "ते पावन्यांचं हाय."

आणि इथंच सगळी अडचण होती. पाहुणे येत नसत.

बघायला येत. बघायला काय, राजापूरचा माझा सासराही आला होता. पण पाण्याचा पेला पुढं केला की ज्याला त्याला आपलं काम आठवे. जातीचा प्रश्न नव्हता, धोंडूदादा आमच्यातलेच, माझ्या मामाच्या गावचे, वेळणेश्वरचे. प्रश्न काचेचा होता. ते कौतुकानं सांगत की हा पेला दीडशे वर्षांचा आहे, कुणा बड्या घराण्यातला आहे, आणि भागीरथीकाकू पदर तोंडाला लावून म्हणत, "म्हणजे दीडशे वर्षांचं उष्टं." कोण जाणे किती जणांची तोंडं लागलेली, काय काय प्यालेली, कुठल्या मटणाच्या हातांनी धरलेली! ज्या नागाला काकूंनी लाह्या वाहिल्या त्याच्या पेल्यातलं पाणी मात्र त्या प्यायल्या नसत्या.

रविवारी बारा वाजले की धोंडूदादा दारात येऊन उभे राहत. "मास्तर, या की जेवायला. निदान पानी तरी घ्या."

"आत्ताच पानावरून उठलो," मी म्हणे. चार वर्षं मी दर रविवारी आत्ताच पानावरून उठत होतो. पुष्कळदा तर आमच्या चुलीवरचा भातही व्हायचा असे आणि त्याचा वास त्यांना येत असणार. ते आत जात आणि एकेक पेला पुन्हा पुसून कपाटात ठेवत. मला त्याची लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटत नव्हती.

एका वैशाखात त्यांच्या घराची कौलं परतायला काढली. त्यातच मुंबईच्या जुन्या बाजारात एक पेला आल्याचं त्यांना कळलं, आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत जाऊन यायचं ठरलं. पेले पेट्यांत गेले. एक बरणी मात्र झाकणाच्या नाजूक गोंड्यामुळे पेटीत बसेना. निळी, आत सोन्याचा चुरा उधळल्यासारखी. त्यांच्या संग्रहातला हा सगळ्यात जुना जिन्नस. व्हेनिसजवळ मुरानो, त्यांच्या तोंडी मुरान, नावाचं बेट आहे, तिथले कारागीर आपली विद्या बेटाबाहेर जाऊ देत नसत, हे पुराण त्यांनी मला ओटीवर पन्नासदा ऐकवलं होतं. मी तेव्हा मंडणगडला बहिणीकडे गेलो होतो. पडाव सुटायची घाई, म्हणून त्यांनी बरणी सुभद्रेच्या हातात दिली आणि दारातूनच सांगितलं:

"वैनी, मुरानची बरणी हाय. वला हात लावू नका. उनात ठेवू नका. सारखी हलवू नका, आनि झाकन घट बसवा."

आणि ते गेले.

मी परत आलो तेव्हा सुभद्रा इतकंच म्हणाली, की धोंडूदादा बरणी ठेवून गेलेत, बिचारा एकटा माणूस. यंदाचं कैरीचं लोणचं मात्र झकास जमलं होतं. सुभद्रा ते आतून वाटीत काढून आणी, आणि मुरलं की नाही बघायला म्हणून आम्ही रोज दोन दोन फोडी खात होतो.

शेवटच्या बोटीनं धोंडूदादा परतले आणि बंदरावरून थेट आमच्या दारात आले. मुंबईचा पेला खोटा निघाला होता, बेंबी कानशीनं घासून केलेली. "मरू दे तो," ते म्हणाले. "वैनी, माजी मुरानची बरणी कुठं हाय?"

"मुरली की! चांगली मुरली," असं म्हणत सुभद्रा आतून बरणी घेऊन आली. झाकणावर फडकं बांधलं होतं. ते तिनं सोडलं. निळ्या काचेतल्या सोन्याच्या चुऱ्यामागं तांबडं तेल होतं, आणि तेलात कैरीच्या फोडी.



"हे काय?" धोंडूदादांनी अगदी हळू विचारलं.

"लोणचं. तुम्हीच सांगून गेलात ना, मुरायची बरणी आहे, ओला हात लावू नका, हलवू नका म्हणून?"

"अगं, मुरायची नव्हे, मुरानची!" मी ओरडलो. "मुरान! बेट आहे ते इटलीतलं!"

सुभद्रेचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या हातून बरणी पडते की काय असं वाटून मी पुढं झालो, पण धोंडूदादांनी पियानोसुद्धा म्हटलं नाही. ते नुसते बरणीकडे बघत होते.

"तुमी खाल्लंत ह्यातलं?"

"रोज," मी म्हणालो. आता लपवून काय उपयोग होता?

"वैनींनी पन?"

सुभद्रेनं मान डोलावली. आमच्याकडे लोणच्याइतकं सोवळं दुसरं काही नव्हतं. आंघोळ केल्याशिवाय ती त्या बरणीजवळ जातही नसे.

धोंडूदादा टोपी काढून पायरीवर बसले. "मी चिंचेनं स्वच्छ घासून देते," सुभद्रा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आत्ता रिकामी करते."

"नगं!" ते एवढ्यानं म्हणाले की काकूंची खिडकी उघडली. "चिंच लावू नका. आनि रिकामी तर मुळीच करू नका." मग पायाच्या अंगठ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मास्तर, रविवारी जेवायला याल?"

मी सवयीनं तोंड उघडलं होतं. त्याआधीच सुभद्रा म्हणाली, "येऊ. लोणचं मी घेऊन येते."

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर जेवलो. सुभद्रा खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. नवऱ्याबरोबर एका पंगतीला बसायची तिची ती पहिली वेळ, तीही खुर्चीवर. शेवयांच्या पेल्यांत सोलकढी होती. तिचा तो गुलाबी रंग पांढऱ्या धाग्यांतून असा दिसत होता, की पेला करणाऱ्यालाही ठाऊक नसेल तो कशासाठी केलाय. मी डोळे मिटून पेला तोंडाला लावला. सोलकढी सोलकढीसारखीच लागली.

धोंडूदादांनी सुरमईचं कालवण वाढलं, भात वाढला, आणि हातावर पांढरं फडकं टाकून माझ्या खुर्चीमागं ताठ उभे राहिले.

"तुम्ही बसा की हो," सुभद्रा म्हणाली.

"जेवा तुमी. मी कदी बसलेलो न्हाय, वैनी. बत्तीस वर्सं हितंच उभा हाय, खुर्चीच्या मागं. बसल्याव हात कुठं ठेवायचे ते बी ठावं न्हाय मला."

सुभद्रा उठली. तिलाही ते बसणं जमत नव्हतंच. तिनं पदर खोचला, रिकामी खुर्ची मागं ओढली आणि त्यांच्या हातावरचं फडकं काढून आपल्या खांद्यावर टाकलं. धोंडूदादा बसले. तिनं त्यांच्या ताटलीत भात वाढला, त्यावर कालवण घातलं, कडेला लोणच्याची फोड ठेवली. ते खाली मान घालून जेवू लागले. ताटली रिकामी झाली तरी ते मान वर करीनात. मला वाटलं, आता हे उठणार आणि आम्हाला वाढायला लागणार.

त्यांनी ताटली दोन बोटं पुढं सरकवली.

"वैनी," ते म्हणाले, "वाईच भात वाढा."