चाळीस बरण्या आणि एक अंतरपाट

डेकोरेटरनं जेवणाच्या टेबलांच्या सजावटीचा आकडा सांगितला आणि हर्षदानं त्याला चहासुद्धा पुरता पिऊ न देता कुळगावच्या घरातून वाटेला लावलं. "माझ्या लग्नाची टेबलं मीच सजवणार," तिनं जाहीर केलं, "आणि अशी सजवणार, की अंबरनाथ पूर्वेच्या त्या हॉलमध्ये पुन्हा कुणी फुलं लावायला धजणार नाही!"

होणाऱ्या सासूबाई सुनंदाताई फोनवर नुसतं "बघू हं" म्हणाल्या. त्या 'बघू'नं हर्षदा जी पेटली, ती लग्नाच्या दिवसापर्यंत विझली नाही.

सगळी बिल्डिंग पालथी घालून तिनं लोणच्याच्या चाळीस रिकाम्या काचेच्या बरण्या जमवल्या. उल्हासनगरला जीन्स रंगवणाऱ्यांना रंग विकणारं एक दुकान गाठलं. तिथले सिंधी काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "बेटा, पक्का माल है. कपडा फटेगा, रंग नहीं जाएगा." मग जाडा तांदूळ रंगवून, गॅलरीत वाळवून तिनं बरण्यांत थर रचले. पिवळ्यावर गुलाबी, त्यावर हिरवा आणि सगळ्यात वर निळा. बरण्या अशा देखण्या झाल्या की ती स्वतःच हरखून गेली. लग्नाच्या सकाळी टेबलाटेबलावर मधोमध एकेक बरणी मांडून ती नटायला पळाली.

मुहूर्ताला अंतरपाट धरला गेला. पलीकडे विक्रांत, अलीकडे हर्षदा, तिच्या पाठीशी शिवराममामा. पहिलं मंगलाष्टक संपलं, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि तिच्या अंगावर अक्षता पडल्या. निळ्या!

"मामा, या अक्षता कुठून आल्या?"

"आपली पिशवी घरीच राहिली गं," मामा कानाशी कुजबुजले. "पण तू बरण्या भरून ठेवल्या होत्यास ना? गोदूआत्या तिथंच बसलीय, प्रत्येक बरणीतून थोडं थोडं काढून ताटं भरून देतेय. सगळा हॉल तुझं कौतुक करतोय."

दुसऱ्या मंगलाष्टकाला हिरव्या अक्षता आल्या. तिसऱ्याला गुलाबी. थर एकेक करून डोक्यावर येत होते आणि हर्षदाला रडू फुटायचं बाकी होतं. सासूबाईंना आता दाखवायचं काय, रिकाम्या बरण्या? चौथ्याला पिवळ्या आल्या आणि तिला एकदम आठवलं. तांदूळ पुरेना म्हणून पिवळ्याच्याही खाली तिनं उल्हास नदीतले गोटे भरले होते. चांगले सुपारीएवढे.

तेवढ्यात सुनंदाताईंनी माइक हातात घेतला. दोन्ही घराण्यांतली सगळी नावं गुंफून त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि दोन महिने त्याचा सराव केला होता. त्यांनी कागदाची घडी उलगडली, घसा खाकरला. पाहुण्यांनी पुन्हा ताटांसाठी हात पुढे केले. आणि विक्रांतचं डोकं तर पुढून चांगलं अर्धं मोकळं होतं.

नवऱ्याचं डोकं वाचवण्यापलीकडे हर्षदाला दुसरं काही सुचलं नाही. तिनं दोन्ही हातांनी अंतरपाट खाली ओढला आणि विक्रांतच्या गळ्यात हार घालून टाकला.

हॉलभर शिट्ट्या, टाळ्या, नुसता धुमाकूळ! वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी सनई-चौघडा सुरू केला. भटजींनीही घड्याळ बघून उरकतं घेतलं. 'पोरीला भारीच घाई' असं जो तो म्हणू लागला. विक्रांतचा एक कान निळा, कपाळ हिरवं आणि मोतिया शेरवानीवर घामानं गुलाबी ओघळ आले होते, पण त्याला वाटलं ही घाई आपल्यासाठीच, म्हणून तो लाजून चूर झाला होता. सुनंदाताई तेवढ्या माइकपाशी कागद धरून उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे जे बघितलं, ते हर्षदा जन्मभर विसरणार नाही.

तरी एक डोकं वाचवल्याच्या आनंदात ती शालू सावरत जेवणाच्या टेबलांकडे धावली. रिकाम्या बरण्यांच्या गराड्यात गोदूआत्या चष्मा नाकावर ओढून ताटात मान घालून बसली होती. शेजारी गोट्यांचा हा एवढा ढीग.

"तांदूळ घेताना बघून घ्यायचा ना गो," आत्या मान वर न करता म्हणाली. "एवढाले खडे! सगळे निवडून काढले मी, एकसुद्धा पुढं जाऊ दिला नाही. होऊ दे तुझ्या सासूचं मंगलाष्टक, मग पाठवते हे ताट."